इंग्रजी विरामचिन्हे आणि मराठी लेखणी

वडोदरा, म्हणजे मराठी माणसाचे बडोदे, हे तीन भाषांत वावरणारे शहर आहे. गायकवाडांच्या राजवटीपासून तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत घरी मराठी, बाजारात गुजराती आणि कचेरीत इंग्रजी असा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार मराठी साहित्य संमेलने या शहरात भरली. त्याच शहरात १८८१ साली बडोदा कॉलेज सुरू झाले आणि १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे. गोमंतकीय वाचकाला ही स्थिती अपरिचित वाटणार नाही. येथेही घरची भाषा एक असते आणि अर्जाची, कराराची व न्यायालयाची भाषा दुसरी असते.

अशा घरांतून आलेल्या सुशिक्षित माणसाचे इंग्रजी शब्दांपाशी सहसा अडत नाही. काळ, वचन आणि क्रियापद यांची घडीही तो नीट बसवतो. अडचण येते ती अर्धविराम, अपूर्णविराम, संयोगचिन्ह, अपसारणचिन्ह आणि अपॉस्ट्रॉफी यांच्यापाशी. ही चिन्हे शाळेत एखाद्या तासात उरकली जातात आणि पुढे आयुष्यभर अंदाजाने वापरली जातात. याचे खापर केवळ निष्काळजीपणावर फोडणे अन्यायाचे होईल. मराठीत जे काम प्रत्यय आणि अव्यये करतात, त्यातील बरेचसे इंग्रजीत चिन्हांवर सोपवलेले आहे. हा फरक एकदा ध्यानात आला, की नियम पाठ करण्याची गरज पुष्कळच कमी होते.

वास्तविक मराठीला ही चिन्हे इंग्रजीकडूनच मिळाली. मोडीतील कागद लेखणी शक्यतो न उचलता लिहिला जाई. त्यात शब्दांमध्ये अंतर नसे आणि विरामचिन्हेही नसत. तरीही बखरी, सनदा आणि हिशेबाचे कागद वाचणाऱ्याला उलगडत, कारण क्रियापद वाक्याच्या शेवटी येई आणि प्रत्येक शब्दाचे नाते त्याच्या प्रत्ययावरून कळे. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर विरामचिन्हे मराठीत रूढ केली. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० साली प्रसिद्ध झाली. मराठीने चिन्हे स्वीकारली. पण एखादे चिन्ह गळाले तरी तिचा अर्थ बहुधा शाबूत राहतो. इंग्रजीत तो तसा राहील याची खात्री नसते.

प्रथम अपॉस्ट्रॉफी घेऊ. ‘विद्यार्थ्याची खोली’ आणि ‘विद्यार्थ्यांची खोली’ यांत फरक एका अनुस्वाराचा आहे. पहिलीत एक विद्यार्थी राहतो, दुसरीत अनेक. इंग्रजीत हेच काम अपॉस्ट्रॉफीची जागा करते. ‘स्टुडंट्स रूम’ लिहिताना हे चिन्ह शेवटच्या ‘एस’ अक्षराच्या आधी आले तर विद्यार्थी एक, नंतर आले तर अनेक. उच्चार दोन्हींचा सारखाच असल्यामुळे कान येथे मदतीला येत नाही. ‘इट्स’ या शब्दाची गोष्टही अशीच आहे. अपॉस्ट्रॉफी असेल तर तो ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ याचा संक्षेप होतो, नसेल तर ‘त्याचे’ असा अर्थ होतो. शंका आल्यास त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाक्य वाचावे. वाक्य जुळले तरच चिन्ह द्यावे. साध्या अनेकवचनासाठी मात्र अपॉस्ट्रॉफी वापरू नये. दुकानांच्या पाट्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर ही चूक सर्रास आढळते.

संयोगचिन्हाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. एखाद्या रुग्णालयाने किंवा कारखान्याने कामाच्या वेळापत्रकात ‘ट्वेंटी फोर अवर शिफ्ट्स’ असे चिन्हाविना लिहिले, तर त्याचे तीन अर्थ निघू शकतात. तिन्ही शब्द संयोगचिन्हांनी जोडले तर प्रत्येक पाळी २४ तासांची होते. फक्त ‘फोर’ आणि ‘अवर’ जोडले तर चार-चार तासांच्या वीस पाळ्या होतात. फक्त ‘ट्वेंटी’ आणि ‘फोर’ जोडले तर एकेका तासाच्या चोवीस पाळ्या ठरतात. मराठीत असा घोटाळा होत नाही, कारण ‘चोवीस’ हा एकच शब्द आहे आणि ‘तासांच्या’ हा प्रत्यय पुढचे नाते सांगून टाकतो. नामाच्या आधी येणारे दोन-तीन शब्द मिळून एकच विशेषण होत असेल, तर इंग्रजीत ते जोडावेत. तेच शब्द नामानंतर आले, तर बहुधा जोडण्याची गरज नसते.

स्वल्पविराम सर्वांच्या परिचयाचा असला, तरी त्याचे एक काम अवघड आहे. ‘जे शिक्षक प्रशिक्षित आहेत, त्यांना वेतनवाढ मिळेल’ या वाक्यात ‘जे’ आणि ‘त्यांना’ या जोडीमुळे लाभ काहींनाच आहे हे स्पष्ट होते. इंग्रजीत ‘हू आर ट्रेन्ड’ या उपवाक्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम नसतील तर हाच मर्यादित अर्थ निघतो. ते दिले, की सर्वच शिक्षक प्रशिक्षित आहेत आणि सर्वांनाच वेतनवाढ मिळणार आहे, असा अर्थ होतो. परिपत्रकाचा मसुदा करणाऱ्याने दोन स्वल्पविराम सहज टाकले, तर तिजोरीवरचा भार बदलू शकतो. याच्या उलट, मराठीतील ‘तो म्हणाला, की’ या रचनेच्या सवयीने इंग्रजीत ‘सेड’नंतर आणि ‘दॅट’च्या आधी स्वल्पविराम दिला जातो. तेथे त्याला जागा नाही.

अर्धविराम हे चिन्ह अनेकांना शोभेचे वाटते. प्रत्यक्षात त्याची कामे मुख्यतः दोन आहेत. पहिले काम, अर्थाने निगडित असलेली दोन पूर्ण वाक्ये उभयान्वयी अव्ययाविना जोडणे. ‘कार्यालय बंद होते, लोक परत गेले’ ही रचना मराठीत खपून जाते. इंग्रजीत दोन स्वतंत्र वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम देणे हा दोष मानला जातो; तेथे अर्धविराम, पूर्णविराम किंवा जोडणारा शब्द हवा. ‘हाउएव्हर’ या शब्दाभोवती ही चूक सर्वाधिक होते. ‘कार्यालय उघडे होते, अधिकारी मात्र हजर नव्हते’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यात ‘हाउएव्हर’ दोन वाक्यांच्या मध्ये आला, तर त्याच्या आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम द्यावा. दुसरे काम, ज्या यादीतील घटकांच्या पोटातच स्वल्पविराम आहेत, त्या घटकांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे.

अपूर्णविराम वाचकाला पुढे काय येणार आहे याची सूचना देतो. त्याच्या आधीचे वाक्य सहसा स्वतःच्या पायावर उभे असावे. ‘पुढील कागदपत्रे जोडावीत’ या अर्थाच्या वाक्यानंतर तो योग्य आहे. मात्र ‘आवश्यक कागदपत्रे आहेत’ या अर्थाने वाक्य ‘आर’ या क्रियापदाशीच थांबवून तेथे तो देणे सदोष ठरते, कारण वाक्य तेथे अपुरेच असते. मराठी अर्जात ‘विषय’ या शब्दापुढे अपूर्णविराम आणि त्याला लागून आडवी रेघ देण्याची रीत आहे. ही जोडी जुन्या इंग्रजी छपाईतही होती. आजच्या इंग्रजीतून ती गेली आहे आणि केवळ अपूर्णविराम उरला आहे. देवनागरीत विसर्गाशी गल्लत होऊ नये म्हणून अपूर्णविरामाआधी मोकळी जागा सोडली जाते. इंग्रजीत ती सोडू नये.

अपसारणचिन्ह आणि संयोगचिन्ह यांची सरमिसळ संगणकामुळे वाढली आहे, कारण कळफलकावर थेट मिळते ते आखूड संयोगचिन्हच. संयोगचिन्ह शब्द जोडते. लांब अपसारणचिन्ह विचाराला थांबवते, वळवते किंवा मध्येच आलेला खुलासा वेगळा काढते. असा खुलासा वाक्याच्या मध्यभागी असेल, तर चिन्ह दोन्ही बाजूंना हवे. एका बाजूला अपसारणचिन्ह आणि दुसऱ्या बाजूला स्वल्पविराम ही जोडी जमत नाही. मध्यम लांबीची रेघ आकड्यांचा पल्ला दाखवते. श्रीअरविंदांचा बडोद्यातील काळ १८९३–१९०६ असा लिहिताना ती योग्य ठरते. याच काळात त्यांनी बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवले आणि सयाजीराव महाराजांसाठी इंग्रजी मसुदेही तयार केले.

या चिन्हांवरून न्यायनिवाडे झाले आहेत. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० याच्या कलम २७ मध्ये विनापरवाना औषधांचे विक्रीसाठी उत्पादन, विक्री, साठा, विक्रीसाठी प्रदर्शन आणि वितरण यांचा उल्लेख होता. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात प्रश्न उपस्थित झाला, की औषधांचा नुसता साठा बाळगणे हा गुन्हा आहे काय. न्यायालयाने १९७९ मध्ये मूळ इंग्रजी मजकुरातील विरामचिन्हे तपासली. आधीच्या शब्दांनंतर स्वल्पविराम होते. साठा करण्याच्या अर्थाच्या ‘स्टॉक्स’ या शब्दानंतर मात्र नव्हता. म्हणून ‘विक्रीसाठी’ ही अट साठ्यालाही लागू होते आणि केवळ साठा गुन्हा ठरत नाही, असा निष्कर्ष निघाला. एका माणसाची शिक्षा येथे न लिहिलेल्या स्वल्पविरामाशी बांधली गेली होती.

अमेरिकेतील मेन राज्यात असाच वाद दुधाच्या गाड्या चालवणाऱ्यांनी उभा केला. नाशवंत मालाच्या काही कामांना जादा वेळेच्या वेतनातून वगळणाऱ्या कायद्यात, यादीच्या शेवटच्या ‘ऑर’पूर्वी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे ‘वितरण’ हे स्वतंत्र काम आहे, की केवळ ‘पाठवणी किंवा वितरणासाठी बांधणी’ या एकाच कामाचा तो भाग आहे, हे संदिग्ध राहिले. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. अपील न्यायालयाच्या निकालानंतर तेथील विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला, तेव्हा यादीतील कामे अर्धविरामांनी वेगळी केली.

या चिन्हांचा नमुनेदार उपयोग पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. ज्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, त्याच बडोद्यात १९१७ मध्ये नोकरीसाठी परतल्यावर अस्पृश्यतेमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पुढे तेच संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधानाच्या इंग्रजी उद्देशिकेत नागरिकांना काय प्राप्त करून द्यायचे, हे सांगण्यापूर्वी अपूर्णविराम येतो. न्याय सामाजिक, आर्थिक आणि राजकीय आहे, म्हणून त्याच्या पोटात स्वल्पविराम आहेत. स्वातंत्र्याच्या पोटातही तसेच आहेत. ही मूल्ये एकमेकांत मिसळू नयेत म्हणून न्याय, स्वातंत्र्य आणि समानता यांच्यापुढे अर्धविराम दिले आहेत. तेथे सर्वत्र स्वल्पविरामच असते, तर कोणते पद कोणत्या मूल्याचे, हे शोधत बसावे लागले असते. उद्देशिकेच्या मराठी अनुवादातही हे अर्धविराम कायम आहेत. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला ती छापलेली असते. इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी ठेवून मुलांना या चिन्हांची कामे अर्ध्या तासात दाखवता येतील.

इंग्रजी मजकूर पूर्ण झाल्यावर मराठी लेखकाने तो एकदा केवळ चिन्हांसाठी वाचावा. प्रत्येक चिन्हापाशी थांबून हे नाते मराठीत कोणत्या प्रत्ययाने किंवा कोणत्या शब्दाने दाखवले असते, हे स्वतःला विचारावे. ‘ची’ की ‘ंची’, ‘जे’ आणि ‘ते’ यांची जोडी, की निव्वळ जादा माहिती, ‘पुढीलप्रमाणे’ की ‘मात्र’, याचे उत्तर मिळाले, की चिन्हाची निवड बहुधा आपोआप होते. जेथे चिन्ह कोणतेही दिले तरी अर्थ दुहेरीच राहतो, तेथे वाक्य मोडून दोन लहान वाक्ये करावीत. करार, मृत्युपत्र आणि नोकरीची अट यांसारख्या कागदांवर हे विशेष कटाक्षाने पाळावे, कारण त्यांचा अर्थ लावण्याची वेळ येते तेव्हा लिहिणारा समजावून सांगायला बहुधा समोर नसतो.