ताप सगळेच डास देत नाहीत



३१ जुलैला बंदी संपते आणि बोटी बाहेर काढायची घाई सुरू होते. जाळी शिवून झाली, इंजिन तपासून झालं, खलाशी गावाहून परतले. दोन-तीन ट्रिपा होतात न होतात तोच कुणीतरी हुडहुडी भरून आडवा होतो. एक माणूस पडला की जाळं ओढायला हात कमी, आणि दर्यात असताना पडला तर डिझेल जाळून परत फिरावं लागतं. मग धक्क्यावर तोच प्रश्न ऐकू येतो: "डास आम्हाला सगळ्यांनाच चावतात, मग मलेरिया याला एकट्यालाच कसा?"

प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर माणसात कमी आणि डासात जास्त आहे.

मलेरिया फक्त ॲनाफिलिस जातीच्या डासांमुळे होतो, आणि त्यातही मादीच चावते, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं. पण ॲनाफिलिसची मादीसुद्धा जन्मतः निर्दोष असते. तिने आधी मलेरिया असलेल्या माणसाचं रक्त प्यायला हवं. त्या रक्तातले परजीवी तिच्या पोटात एकत्र येतात, जठराच्या भिंतीवर त्यांच्या बारीक गाठी धरतात, गाठी फुटल्या की हजारो सूक्ष्म जंतू तिच्या लाळेच्या ग्रंथीत जाऊन बसतात. या सगळ्याला आपल्याकडच्या हवेत साधारण दहा-बारा दिवस लागतात, थंडीत जास्त. तोवर ती चावली तर खाजेपलीकडे काही होत नाही.

आता खरी मेख इथे आहे. डासाचं आयुष्य ते किती! समजा रोज शंभरातले दहा डास मरतात. तर दहा दिवसांनी पस्तीसेक उरतील. रोज वीस मेले तर उरतील जेमतेम दहा-अकरा. म्हणजे मरण्याचं प्रमाण दुप्पट झालं, तर ताप देण्याच्या वयाला पोचणाऱ्या माद्या निम्म्या नाही, तिसऱ्या हिश्श्यावर येतात. म्हणूनच जंगलात, गावात, शहरात पकडलेल्या डासांत लाळेपर्यंत परजीवी पोचलेले डास फार थोडे सापडतात. आपल्या देशात पुष्कळदा शंभरात एकही निघत नाही. पण तेवढे थोडेच साथ चालू ठेवायला पुरतात, कारण अशी मादी जगेल तोवर दर दोन-तीन दिवसांनी चावत राहते.

हे शोधून काढणं किती किचकट होतं याची गोष्ट आपल्या हैदराबादकरांना जवळची आहे. रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर सिकंदराबादेत डास कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचा. बराच काळ त्याला काहीच मिळेना, कारण तो भलत्याच जातीचे डास कापत होता. शेवटी ठिपकेदार पंखांचे डास हाती लागले. ते हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला चावायला दिले, एका डासामागे एक आणा मोबदला. २० ऑगस्ट १८९७ ला त्यातल्या एका डासाच्या जठरात रॉसला त्या गाठी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करताना लाळग्रंथीपर्यंतचा प्रवास उलगडला आणि १९०२ चं नोबेल त्याला मिळालं. हुसेन खानला काय मिळालं, तर आणे. असो.

आजही पद्धत मुळात तीच आहे. संशोधक पहाटे घरांत, गोठ्यांत नळीने डास ओढून घेतात किंवा दिव्याचे सापळे लावतात. मग डासाचं डोकं-छाती वेगळी आणि पोट वेगळं करून तपासतात. पोटात परजीवी सापडला तर एवढंच कळतं की तिने रुग्णाचं रक्त प्यायलंय. डोकं-छातीच्या भागात सापडला, तरच ती ताप देऊ शकते असं मानतात. लाळग्रंथी त्याच भागात असतात.

गोव्यात शहरी मलेरियाचा मुख्य वाहक ॲनाफिलिस स्टिफेन्सी. त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं: छतावरच्या टाक्या, विहिरी, पिंपं, बांधकामावर साठवलेलं पाणी. १९८६ च्या सुमारास पणजीत मलेरिया वाढला तोही याच डासाच्या जोरावर. पण दुसरा एक डास आपल्याला जास्त जवळचा आहे, ॲनाफिलिस सबपिक्टस. पावसाची डबकी, भातखाचरं, एवढंच काय, मचूळ पाण्यातसुद्धा तो वाढतो. बरीच वर्षं त्याला आपल्या भागात कुणी फारसं मोजत नव्हतं. गोव्यात पकडलेल्या डासांच्या तपासणीत या सबपिक्टसमध्येही माणसाच्या मलेरियाचे परजीवी सापडले. हे संशोधन २०१६ मध्ये 'मलेरिया जर्नल'मध्ये आलं. वर्षभर मलेरिया तग धरून राहतो, त्याला हा डासही हातभार लावत असावा, असं संशोधकांचं म्हणणं आहे. तेव्हा "खाडीकाठी खारं पाणी, इथे कसला मलेरिया" हे बोलणं आता सोडून द्यायला हवं.

आणि बोटींचं काय? बंदीच्या दोन महिन्यांत उभ्या बोटीच्या तळात पावसाचं पाणी साचतं. ताडपत्रीच्या खळग्यात साचतं. कडेला बांधलेल्या टायरात, उघड्या पिंपात, मासळीच्या रिकाम्या क्रेटांत, झाकण मोडलेल्या बर्फपेटीत साचतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उष्ण दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून सांगतात की आठवड्यातून एकदा पाणी ओता, तेही संपूर्ण. महिन्यातून एकदा ओतलेल्या पिंपातून मधल्या काळात तीन पिढ्या उडून जातात. टायरांना खालून भोक पाडलं तर ओतायचं कामच उरत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. पाण्यात अळ्या दिसल्या तर नीट बघा. पृष्ठभागाला समांतर, काडीसारखी आडवी पडलेली असेल तर ती ॲनाफिलिस. डोकं खाली करून तिरकी लोंबकळणारी दुसऱ्या जातीची, तीही ओतायचीच म्हणा. भिंतीवर बसलेला डास शेपूट वर उचलून तिरका दिसला, तर तोही ॲनाफिलिस.

जिथे पाणी ओतता येत नाही, विहीर किंवा टाकं, तिथे मासा सोडायचा. गोव्यात अप्लोकायलस ब्लॉकी हा आपलाच छोटा मासा जिवाणूंपासून केलेल्या अळीनाशकाबरोबर वापरून पाहिला गेलाय. त्याचे प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मासेवाल्यांना हे पटवायला नको.

हा डास प्रवासीही आहे. श्रीलंका सप्टेंबर २०१६ मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाली, आणि त्याच वर्षअखेर मन्नारच्या विहिरींत स्टिफेन्सी सापडला. जिबूती हे आफ्रिकेतलं बंदर. तिथे हा डास २०१२ मध्ये सापडला, त्या वर्षी मलेरियाचे २७ रुग्ण होते, २०२० मध्ये ७३ हजारांवर गेले. इथिओपियाच्या दिरे दावा शहरात २०२२ च्या साथीत पकडलेल्या स्टिफेन्सीत परजीवी प्रत्यक्ष सापडले.

आता खलाशांबद्दल. बाहेरून आलेल्या पोरांनी रोग आणला, असं धक्क्यावर सर्रास बोललं जातं. ते आम्हाला मान्य नाही. परजीवी माणसाबरोबर येऊ शकतो हे खरं, पण त्याला पुढे न्यायला डास आपल्याच पिंपातला लागतो. शिवाय तीच पोरं उघड्या डेकवर, मच्छरदाणीशिवाय झोपतात आणि हा डास रात्रीच चावतो. चार मच्छरदाण्यांचा खर्च एका फुकट गेलेल्या ट्रिपेपुढे काहीच नाही.

ताप आला की त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्त द्या. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषध मोफत आहे. उशीर का नको, तर व्हायव्हॅक्स प्रकारात ताप सुरू होतानाच रक्तात डासाला लागणारी अवस्था तयार असते. त्याचे परजीवी यकृतात दबा धरूनही बसतात, महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यासाठीच प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस देतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि गोळ्या केबिनच्या फळीवर राहतात, हे प्रत्येक तांडेलाला माहीत आहे. गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत, आणि काहींना आधी रक्ताची वेगळी चाचणी लागते, म्हणून दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या वाटून घेऊ नका. तांडेलांनी गोळ्यांचं पाकीट स्वतःकडे ठेवावं आणि रोज जेवणानंतर समोर गिळायला लावावी. बोट बाहेर जाणार असेल तर डॉक्टरांना तसं आधीच सांगा आणि चौदाही दिवसांच्या गोळ्या बरोबर घ्या.