नावेला जुंपलेली माणसं

पाणी घट्ट गोठलं तर त्यावरून गाडी हाकता येते, मोकळं असलं तर नाव घालता येते. पण बाळांनो, ते धड गोठलेलंही नाही आणि धड मोकळंही नाही, असं असलं तर टपाल न्यायचं कसं?

कॅनडाच्या पूर्वेला प्रिन्स एडवर्ड आयलंड हे बेट आहे. त्याच्या आणि मुख्य भूमीच्या मधली नॉर्थम्बरलँडची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 13 किलोमीटर. दर हिवाळ्यात तिथं हीच पंचाईत.

गोडं पाणी 4 अंशांखाली गेलं की हलकं होऊन वरच राहतं, म्हणून तळ्यावर बर्फ लवकर धरतो. समुद्राचं तसं नाही. ते पाणी जितकं थंड, तितकं जड. वरचं खाली बुडतं, खालचं वर येतं. सगळं उणे 1.8 अंशांच्या आसपास उतरलं, तर कुठं बर्फ धरतो. ही सामुद्रधुनी उथळ, म्हणून तेवढं साधतं. पण भरती-ओहोटी त्या बर्फाला स्वस्थ बसू देत नाही. त्याचे मोठमोठे तुकडे होतात, मध्ये पाणी उघडं पडतं, आणि उरलेल्या जागेत बर्फाच्या बारीक कणांचा लगदा, साबुदाण्याच्या खिरीसारखा. खलाशी त्याला ‘लॉली’ म्हणत. त्यात उभं राहता येत नाही, वल्हंही चालत नाही. मला विचाराल तर सगळ्यांत वाईट वाट हीच.

1827च्या सुमारास इथं टपालाची नाव सुरू झाली. बुडाला पत्रा ठोकलेला, काठाला कातडी पट्टे. पाणी लागलं की वल्हवायची. बर्फ लागला की उतरायचं, पट्टा अंगाला अडकवायचा आणि नाव ओढायची. पायाखालचा बर्फ मोडला तर त्याच पट्ट्याला लोंबकळून जीव वाचायचा. प्रवासीही याच नावेनं जात, आणि ओढायला हात लावणाऱ्याला भाड्यात सूट! पैसे मोजायचे ते मोजायचे, वर हमाली करायची.

1885च्या जानेवारीत तीन नावा हिमवादळात सापडल्या. माणसांनी ऊब मिळावी म्हणून एक नाव फोडून जाळली.

त्याआधीच, 1873 साली, हे बेट कॅनडात सामील झालं होतं, ते बारमाही आगबोटीची कबुली घेऊनच. आगबोट आलीही, पण बर्फात अडकून बसायची, की पुन्हा पट्टेवाल्यांनाच हाक. 1917मध्ये बर्फ फोडणारी दणकट बोट या वाटेवर धावू लागली, तेव्हा कुठं त्यांची सुटका झाली. 1997 पासून तिथं पूल आहे. त्याच्या खांबांना पाण्याच्या पातळीवर शंकूसारखा घेर ठेवलाय. वाहत आलेला बर्फ त्या उतारावर चढतो आणि आपल्याच वजनानं मोडतो.