प्रकाश अडतो तिथे सोनोग्राफी

मोतीबिंदू पूर्ण पिकला की बाहुली पांढरी दिसू लागते. मग कितीही प्रखर प्रकाश टाकला तरी डॉक्टरांना मागचा पडदा, म्हणजे नेत्रपटल, दिसत नाही. मधुमेहामुळे डोळ्यात रक्तस्राव झाला, तरी हीच अडचण येते. अशा डोळ्यातून ध्वनिलहरी मात्र सहज आरपार जातात.

डोळ्याच्या तपासणीत ध्वनिलहरींचा वापर अमेरिकेत मुंड्ट आणि ह्यूज यांनी १९५६ मध्ये केला. दोनच वर्षांनी बॉम आणि ग्रीनवुड यांनी डोळ्याच्या आतल्या छेदाचे चित्र मिळवले. तेव्हा त्यासाठी डोळा पाण्यात ठेवावा लागे. १९७२ मध्ये ब्रॉन्सन यांनी थेट पापणीवर टेकवायचा प्रोब आणला आणि तपासणी सुटसुटीत झाली. आता तर बटरफ्लाय आयक्यूसारखे प्रोब फोनला जोडता येतात.

तपासणी काही मिनिटांची. रुग्ण डोळे मिटून पडतो, पापणीवर भरपूर जेल लावतात. डॉक्टर हात कपाळावर किंवा गालाच्या हाडावर टेकवतात, म्हणजे प्रोबचा भार डोळ्यावर येत नाही. मग रुग्णाला मिटल्या पापणीआड डोळा डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगतात. निरोगी डोळ्यात काचद्रवाची, म्हणजे आतल्या पारदर्शक जेलीची, जागा यंत्राच्या पडद्यावर काळीभोर दिसते. नेत्रपटल सुटले असेल, तर त्या काळोखात एक ठळक, पांढरी रेघ डोळ्याबरोबर हलते. तिचे मागचे टोक मात्र दृष्टिचेतेपाशी घट्ट असते.

उपयोग एवढ्यावरच थांबत नाही. डोळ्यामागे ३ मिलिमीटरवर दृष्टिचेतेच्या आवरणाचा व्यास मोजतात. तो वाढलेला असेल, तर मेंदूभोवतीचा दाब वाढल्याची शंका येते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर तर अंतराळवीरच जमिनीवरच्या तज्ज्ञांच्या सूचना ऐकत डोळ्याची सोनोग्राफी करतात.

डोळा नाजूक असल्याने यंत्राची ऊर्जा कमी ठेवावी लागते. अमेरिकेच्या एफडीएने डोळ्यासाठी ‘मेकॅनिकल इंडेक्स’ची मर्यादा ०.२३ ठरवली आहे. इतर बहुतेक अवयवांसाठी ती १.९ आहे. म्हणून पोटाच्या सेटिंगवर डोळा तपासणे चुकीचे. मार लागून नेत्रगोल फाटल्याची शंका असेल, तर प्रोब टेकवण्याची घाई करू नये, कारण थोडासा दाबही आतला द्रव बाहेर ढकलू शकतो. आणि चित्र नीट दिसले तरी अचानक चमका, काळे ठिपके दिसणाऱ्या किंवा नजरेसमोर पडदा आल्यासारखे वाटणाऱ्या रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवायला हवे. सुटलेले नेत्रपटल बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच जागेवर बसते, आणि मध्यभाग सुटण्याआधी ती झाली तर दृष्टी वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते.