साथ येण्यापूर्वीची तालीम

तहान लागल्यावर विहीर खोदू नये, हे सांगण्यासाठी व्याख्यान कशाला हवे? तरीही गुरांच्या साथीच्या बाबतीत आपण वारंवार तेच करीत आलो आहोत. म्हणून साथीला तोंड देणाऱ्या पशुवैद्याची तयारी कशी व्हावी, ह्याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

वर्धा जिल्ह्याला हा विषय परका नाही. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ गुरांचा मुलूख. हेटीकुंडीला ह्या जातीच्या पैदाशीचे सरकारी क्षेत्र आहे. जमनालाल बजाज ह्यांनी आयुष्याच्या अखेरीस गोसेवेचे काम उभारले, तेही वर्ध्यालाच. अशा जिल्ह्यात गोठा ओस पडला, तर दूध तर जातेच, पण बैलावर शेती करणाऱ्याची पेरणीही अडते.

लम्पी हा त्वचारोग भारतात प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला. २०२२ च्या मोठ्या साथीत तो ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यातील चिनावल येथे दिसला आणि काही आठवड्यांत राज्यभर पसरला. वर्धा जिल्हाही सुटला नाही. ताप, अंगभर गाठी, सुजलेले पाय, आटलेले दूध, ही त्याची लक्षणे. २०१९ पूर्वी आपल्याकडील बहुतेक पशुवैद्यांनी ती केवळ पुस्तकात पाहिली होती.

लस मात्र जवळच होती. ह्या रोगाचा विषाणू शेळ्यांच्या देवीच्या विषाणूचा भाऊबंद. म्हणून शेळ्यांची लस गाईबैलांना टोचण्यात आली. जेन्नरने १७९६ साली गाईच्या देवीचा उपयोग माणसासाठी केला, त्यातलाच हा प्रकार. परंतु लस टोचल्यावर पुरते संरक्षण येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. साथ तेवढे दिवस थांबत नाही.

तेव्हा येथे ज्ञानाइतकेच कामाच्या क्रमाला महत्त्व आहे. बाधित गावाभोवती पाच किलोमीटरचे कडे धरावयाचे, बाहेरून आत टोचत यावयाचे, निरोगी जनावर आधी पाहावयाचे, आजारी शेवटी. प्रत्येक जनावराला नवी सुई. कारण जी सुई वाचवावयास आली, तीच एका गोठ्याचा रोग दुसऱ्या गोठ्यात नेऊ शकते. बुटांचे आणि कपड्यांचेही तेच. काळपुळीचा संशय असेल, तर मेलेले जनावर फाडावयाचे नाही. फाडले की जंतू बीजरूपाने मातीत वर्षानुवर्षे टिकतात. दोन रात्री न झोपलेल्या माणसाला ह्यातले काहीच ऐन वेळी आठवत नाही. ते हाताच्या सवयीत मुरलेले असावे लागते, आणि सवय तालमीशिवाय लागत नाही.

इंग्लंडने हा धडा महागात घेतला. २००१ साली एका कत्तलखान्यातील डुकरांत लाळ्या-खुरकूत ओळखला गेला, तोवर तो मेंढ्यांच्या बाजारांतून दूरवर गेला होता. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. रोग घरी नसल्यामुळे तिकडच्या तरुण पशुवैद्यांनी तो पाहिलेलाच नसतो. म्हणून पुढे युरोपातील पशुवैद्यांना केनिया व नेपाळ येथे, प्रत्यक्ष रोग असलेल्या गोठ्यांत नेऊन शिकविण्याची प्रथा पडली.

आपल्याला स्वतःचाही धडा आहे. बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे बसविली. लशीने तिला मागे रेटले, परंतु शेवट केला तो गावोगाव फिरून शोध घेणाऱ्या, संशय येताच कळविणाऱ्या माणसांनी. भारतातील अखेरची नोंद १९९५ ची. २०११ साली सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले.

तालमीचा एक भाग मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही. पोळ्याच्या दिवशी गावचे सारे बैल एका तोरणाखाली उभे राहतात. 'पाटील, यंदा बैल घरीच पुजा,' हे शब्द पशुवैद्याला म्हणता आले पाहिजेत आणि गावाला ते पटले पाहिजेत. ज्याचा बैल आजारी आहे तो लाजेने किंवा बाजार बंद होईल ह्या भीतीने गप्प बसला, तर उत्तम शिकलेला पशुवैद्यही आंधळा ठरतो.

म्हणून ही तालीम पशुवैद्याची जितकी, तितकीच आपलीही आहे. सरकारने शिबिरे भरवावीत, महाविद्यालयांनी मुलांना गोठ्यांत न्यावे. आणि आपण, शहरात दूध पिणाऱ्यांनी, साथ नसलेल्या वर्षी होणारा हा खर्च वायफळ म्हणू नये. विहीर खोदावयाची ती ह्याच वर्षी.