ठकसेनांची गोष्ट ऐकताना

गंडा घालणाऱ्याचं सगळं भांडवल त्याच्या जिभेवर असतं. म्हणूनच भामट्यांवरची कादंबरी वाचण्यापेक्षा ऐकण्यात जास्त रंगते, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकी लेखक स्कॉट लिंच यांची 'द लाइज ऑफ लॉक लमोरा' ही 2006 साली आलेली पहिलीच कादंबरी मायकेल पेज यांच्या आवाजात ऐका. ऑडिओबुक सुमारे 22 तासांचं आहे, पण ते तास कसे सरतात कळत नाही.

गोष्ट घडते कमॉर नावाच्या काल्पनिक शहरात. बेटांचं, कालव्यांचं, व्हेनिसची आठवण करून देणारं हे शहर. मानवाच्या आधी तिथे नांदून गेलेल्या कुणीतरी उभारलेले काचेचे मनोरे सूर्य मावळल्यावर काही वेळ स्वतःच उजळतात. राज्य ड्यूकचं, पण चोरांच्या टोळ्या बार्सावी नावाच्या म्होरक्याच्या मुठीत. दोघांमध्ये एक छुपा तह आहे: चोरांनी सरदारांना हात लावायचा नाही, मग बाकीच्या शहरात त्यांच्याकडे काणाडोळा होईल. कादंबरीचा नायक लॉक आणि त्याचे साथीदार नेमका हाच तह मोडतात. ते फक्त सरदारांनाच लुबाडतात, तेही स्वतःच्या म्होरक्याला पत्ता लागू न देता.

सुरुवातीचाच डाव बघा. डॉन साल्वारा या सरदाराला गल्लीत एका परदेशी व्यापाऱ्याचा गळा आवळला जाताना दिसतो. तो धावून जातो, जीव वाचवतो. गळा आवळणारे आणि वाचलेला, सगळे एकाच टोळीचे! व्यापारी म्हणजे लॉक. उत्तरेकडच्या एका नामांकित ब्रँडीचा साठा गुपचूप हलवायचाय अशी थाप तो मारतो आणि उपकारकर्त्यालाच भागीदार करून घेतो. इथपर्यंत बनाव उत्तम, पण ओळखीचा. पुढची चाल मात्र अफलातून आहे. रात्री डॉनच्या घरात ड्यूकचे गुप्तहेर प्रकटतात. तो व्यापारी अट्टल भामटा आहे, पण त्याला रंगेहाथ पकडायचाय, तेव्हा काही झालं तरी पैसे देत राहा, असं बजावून जातात. त्या हेरांतला एक स्वतः लॉकच असतो. सावजाला खरं सांगून त्याला आणखी घट्ट अडकवायचं!

छापील पानावर लॉकने उत्तरेकडचे हेल काढले, हे एकदा वाचलं की डोळा विसरतो. ऐकताना तो हेल वाक्यावाक्याला कानावर येतो. आणि माणसं बोलत असताना शब्दांमागचा खोटेपणा आपल्याला ठाऊक असतो, डॉनला नसतो, त्यामुळे त्याच्या प्रत्येक सभ्य उत्तराला जीव वरखाली होतो. मध्येच पान उलटून पुढचं बघायची सोयही नाही. निवेदक सांगेल तेवढंच आणि सांगेल तेव्हाच कळणार.

लिंच प्रसंग ऐन रंगात आला की तोडतात आणि लॉकच्या लहानपणात नेतात. अधीर वाचक ही प्रकरणं भराभर चाळतो. ऐकणारा मात्र निमूट बसतो आणि त्याचाच फायदा होतो, कारण सगळी पूर्वतयारी तिथेच आहे. फादर चेन्स हा आंधळ्याचं सोंग घेतलेला पुजारी देवळाच्या पायरीवर साखळदंडात बसून भीक मागतो आणि आत अनाथ पोरांना स्वयंपाक, उंची पंगतीतले रीतिरिवाज, भाषा, बोलण्याच्या लकबी शिकवतो. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला चोर शर्विलक भिंतीला कोणत्या आकाराचं भोक पाडावं याची शास्त्रोक्त चर्चा करतो, माप घ्यायला जानवं वापरतो; त्याच्याशी परिचय असलेल्यांना चेन्सची ही शाळा परकी वाटणार नाही.

एक कळकळीची विनंती: वेग दीडपट करू नका. थाप पटते ती दोन वाक्यांमधल्या थांब्यात, आणि वेग वाढवला की तोच थांबा जातो. शिव्या मुबलक आहेत, तेव्हा घरात स्पीकरवर लावण्याऐवजी हेडफोन बरे. पुढे 'ग्रे किंग' नावाचा शत्रू येतो आणि गोष्ट गमतीकडून सुडाकडे वळते. काही प्रसंग फार क्रूर आहेत, मुलांना ऐकवण्यासारखे नाहीत. या कादंबरीचे पुढचे दोन भाग 2007 आणि 2013 साली आले. तेही पेज यांनीच वाचले आहेत.