लॅपटॉपवर दूरदर्शन : ट्यूनरची निवड

दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पाहण्यासाठी घरात स्वतंत्र संच असलाच पाहिजे, असे आता राहिलेले नाही. लॅपटॉपला पडदा असतो, ध्वनी ऐकवण्याची सोय असते आणि चित्रे उलगडून दाखवणारी यंत्रणाही असते. उणीव असते ती एकाच भागाची : अँटेनाने पकडलेल्या लहरींतून हवी ती वाहिनी वेगळी करून ती लॅपटॉपच्या हाती देणाऱ्या भागाची. हा भाग म्हणजे ट्यूनर. इंटरनेटवरून कार्यक्रम पाहताना प्रत्येक मिनिटाला डेटा खर्च होतो. ट्यूनरमधून पाहताना तो मुळीच खर्च होत नाही. मोजक्या डेटावर महिना काढणाऱ्या आणि घरी बसून शिकणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने ही बाब लहान नाही. मात्र बाजारात मिळणारा प्रत्येक ट्यूनर आपल्या घरी चालेलच असे नाही. कुलूप पाहिल्यावाचून किल्ली घेऊ नये, त्याचप्रमाणे प्रक्षेपण ओळखल्यावाचून ट्यूनर घेऊ नये.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर कित्येक वर्षे उंच मनोऱ्यांवरून अॅनालॉग पद्धतीच्या लहरी सोडल्या जात आणि घराघरांच्या छपरांवरील अनेक काड्यांचे अँटेना त्या पकडत. प्रसार भारतीने ही जुनी प्रक्षेपणयंत्रे टप्प्याटप्प्याने थांबवली. २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणची सुमारे ५० यंत्रे वगळता ती बंद करण्यात आली. म्हणून जुन्या बाजारात केवळ अॅनालॉग लहरी पकडणारा ट्यूनर कितीही स्वस्त मिळाला, तरी तो बहुतेक ठिकाणी निरुपयोगीच ठरतो.

मनोऱ्यावरून होणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणाची पद्धत जगभर एकसारखी नाही. अमेरिकेत एटीएससी, जपानमध्ये आयएसडीबी-टी, तर भारतात डीव्हीबी-टी२ ही प्रणाली स्वीकारलेली आहे. अमेरिकेतील नातेवाइकाने प्रेमाने आणलेला ट्यूनर येथे मुका राहतो तो यामुळेच. नावातील एका आकड्याचेही येथे महत्त्व आहे. डीव्हीबी-टी एवढेच लिहिलेला जुना ट्यूनर टी२ प्रक्षेपण पकडू शकत नाही. दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांत हे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. मनोऱ्यापासून जसजसे दूर जावे, तसतशा लहरी क्षीण होत जातात. त्यामुळे आपल्या घरापर्यंत हे प्रक्षेपण पोहोचते का, याची चौकशी खरेदीपूर्वीच जवळच्या दूरदर्शन केंद्राकडे करावी.

जेथे मनोऱ्याच्या लहरी पोहोचत नाहीत, तेथे उपग्रहाचा मार्ग खुला असतो. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली सेवा आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते. तिला मासिक शुल्क नाही. छपरावरील लहान तबकडीच्या साहाय्याने देशाच्या बहुतेक भागांत ती मिळते. इंदूर किंवा वडोदरा येथील मराठी कुटुंबाला सह्याद्री वाहिनी पाहता येते ती या सेवेमुळे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्वयंप्रभा या शैक्षणिक वाहिन्याही तिच्याद्वारे पाहता येतात. यासाठी टी२ नव्हे, तर डीव्हीबी-एस२ प्रणालीचा ट्यूनर लागतो. तबकडीवरील ग्राहक भागाला १३ किंवा १८ व्होल्ट वीज पुरवावी लागते, तर लॅपटॉपची नेहमीची यूएसबी खाच ५ व्होल्टच देते. म्हणून अशा ट्यूनरबरोबर विजेचा स्वतंत्र अॅडॉप्टर आहे ना, हे पाहून घ्यावे. खाजगी डीटीएच कंपन्यांच्या वाहिन्या सांकेतिक रूपात बंदिस्त असतात. केवळ ट्यूनर घेतल्याने त्या दिसत नाहीत.

आता लॅपटॉपकडे वळू. मेजावरील संगणकाच्या आत बसवायची ट्यूनर कार्डे लॅपटॉपमध्ये बसत नाहीत. यूएसबीला जोडायचा ट्यूनरच घ्यावा. आपल्या लॅपटॉपमधील विंडोज किंवा लिनक्सच्या आवृत्तीसाठी त्याचे ड्रायव्हर उपलब्ध आहे का, हे दुकानदाराला विचारावे. शक्य असल्यास लॅपटॉप बरोबर नेऊन दुकानातच जोडून पाहावे. कार्यक्रम ध्वनिमुद्रणासह साठवून ठेवायचे असतील, तर जागेचा हिशेब करावा. सेकंदाला ३ मेगाबिट या गतीने येणाऱ्या वाहिनीचा एक तास साठवण्यास सुमारे १.३५ गिगाबाइट जागा लागते.

ट्यूनर योग्य असूनही चित्र दिसले नाही, तर दोष बहुधा अँटेनात असतो. ट्यूनरसोबत मिळणारी बोटभर लांबीची काडी मनोऱ्याजवळच काम देते. जाड भिंती आणि पत्र्याचे छप्पर लहरी अडवतात. अशा वेळी खिडकीबाहेर किंवा गच्चीवर अँटेना लावून तो मनोऱ्याच्या दिशेने वळवावा. अॅनालॉग चित्र लहरी क्षीण झाल्यावर मुंग्यांसारख्या ठिपक्यांतूनही दिसत राही. डिजिटल चित्राचे तसे नाही : ते स्वच्छ तरी दिसते, नाहीतर चौकोनांत तुटून नाहीसे होते.

सारांश, खरेदीचा क्रम ध्यानात ठेवावा. प्रथम आपल्या घरी कोणते प्रक्षेपण पोहोचते ते पाहावे, नंतर त्याची प्रणाली, त्यानंतर लॅपटॉप आणि अँटेना. किंमत सर्वांत शेवटी. पुष्कळ ग्राहक हा क्रम उलटा लावतात आणि स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू कपाटात पडून राहते. खरेदीची पावती जपून ठेवावी आणि ट्यूनर न चालल्यास तो परत घेण्याची हमी लिहून मागावी. एवढी दक्षता घेतली, तर एकदाच केलेल्या खर्चात ज्ञान आणि मनोरंजन दोन्ही घरात येतात, आणि त्यासाठी दरमहा डेटा विकत घ्यावा लागत नाही.