बॅटरी वाजतीय

सकाळी ६:५०. जुन्नर तालुक्यातल्या एका बाजारगावाकडे निघालेली एसटी. सोबतच्या दुरुस्तीवाल्या मिस्त्रींचं वय अडुसष्ट, म्हणून तिकीट अर्धं. पत्र्याची पेटी दोन्ही पायांच्या मध्ये धरलेली. आत दोन पकडी, तीन पेचकस, एक बारीक कानस, पॉलिश पेपर, कात्री, एका डबीत स्प्रिंगा, आणि जुन्या एक्स-रेंची गुंडाळी. कुणाची बरगडी, कुणाचा गुडघा.

८:१०. किराणा दुकानाच्या पायरीशी पोतं अंथरलं. एका हाताला लसूणवाली मावशी, दुसऱ्या हाताला कुलपं-किल्ल्यावाला. बोहनीच्या आधी पावतीवाला येतो. वीस रुपये. इकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्या पोटात जातात ते सेल. मीही आता तसंच लिहितो.

९:२०. पहिलं गिऱ्हाईक. तीन सेलची, पत्र्याची बॅटरी. "मिस्त्री, वाजतीय बघा ही."

मिस्त्री ती कानाशी नेतात. आधी आडवी हलवतात, मग उभी. मला दोन्ही आवाज सारखेच. त्यांना नाहीत.

"नुसती वाजती, का मिणमिणती बी?"

"चालताना येती-जाती."

दुखणं तिथंच सापडलं. सेल बाजूला हलला तर खुळखुळतो. त्यात कानाला त्रास, बाकी काही नाही. पुढे-मागे सरकला तर ठक् करतो, आणि त्या ठक्मध्ये सेलचं टोक सुटतं. पाय ठेचकाळायला आणि उजेड जायला एकच गाठ.

झाकण उघडलं. स्प्रिंग दबून बसलेली, तिच्यावर पांढरी भुकटी. जुना सेल गळलेला. साध्या सेलचं जस्ताचं भांडं हेच त्याचं ऋण टोक. सेल वापरात असतो तसं ते झिजत जातं आणि शेवटी भोक पडतं. मिस्त्री झाकणाची आतली बाजू पॉलिश पेपरनं चकचकीत करतात. जुनी स्प्रिंग पकडीनं ओढून लांब करता येते, पण ते करत नाहीत. "चार दिवसांत परत बसती." नवी लावतात.

तरी ठक् येतोच. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, मी मिस्त्रींकडे. दोष कुणाचाच नाही. मोठ्या सेलची लांबी ५९.५ ते ६१.५ मिलिमीटरमध्ये कुठलीही असली तरी ती मापात धरतात. बॅटरी मोठ्यात मोठ्या मापाची करावी लागते. नेमके तीन आखूड सेल एकत्र आले, की सहा मिलिमीटरची पोकळी.

मिस्त्री तंबाखूची रिकामी डबी उघडतात. आत चार आणे. स्टीलची, न गंजणारी नाणी. २०११ च्या जूनअखेर सरकारनं चलनातून काढली, या डबीत अजून चालतात. दोन नाणी शेवटच्या सेलच्या बुडाशी, त्यावर स्प्रिंग, त्यावर झाकण. मांडीवर दोनदा आपटून बघतात. उजेड हलत नाही.

"तीस द्या."

"चार आण्याचे तीस?"

"चार आणे फुकट. तीस स्प्रिंगचे नि हाताचे."

१०:४५. छत्र्या. एक स्टोव्ह. पुन्हा छत्री.

१२:३०. गोठ्यात रात्री जनावरं बघायला जाणाऱ्या एक ताई. प्लॅस्टिकची बॅटरी, दोन सेल. ही नुसतीच खुळखुळते. मिस्त्री गुडघ्याचा एक्स-रे काढतात. सेलच्या उंचीपेक्षा दोन बोटं कमी पट्टी कापतात, नाहीतर ती स्प्रिंगच्या आड येते. एक वेढा, घालून बघायचं. दुसरा वेढा, परत बघायचं. कागदाचं काय वाईट, मी विचारतो. जुनं कालनिर्णय चाललं नसतं का? "ओल्या हातानं धरत्यात. कागद भिजतो, फुगतो, सेल आतच अडकतो." चिकटपट्टीचा तर त्यांना रागच आहे. उन्हानं तिचा गोंद पाझरतो.

प्लॅस्टिकच्या बॅटरीत आतून धातूची पट्टी बटणापर्यंत गेलेली असते. फिल्म त्या पट्टीखाली गेली तर संपर्क बिघडेल. बोटानं चाचपून ती पट्टीच्या वरून बसवली. मग बॅटरी उलटी केली. सेल आपोआप तळहातावर आले पाहिजेत. आले. दहा रुपये.

२:००. बाजरीची भाकरी, लसणीची चटणी. लसूण शेजारच्या मावशीकडचीच असणार. चहा दहाचा.

३:२०. एक पोरगा, चार्जिंगची बॅटरी. मूळ सेल २६ मिलिमीटर जाडीचा. यानं १८ चा घातलाय आणि भोवती पाकिटातला चांदीचा कागद कोंबलाय. मिस्त्रींचा आवाज पहिल्यांदाच चढतो. "कुणी सांगितलं हे?" आधी चांदी उपसून फेकली. या सेलचं धन बटण आणि ऋण पत्रा यांच्यात जेमतेम एका कड्याचं अंतर. चांदी तिथं सरकली तर सेल खिशातच तापेल. वायरिंगच्या २५ मिलिमीटरच्या पाइपचा तुकडा कापला, कडा कानसेनं मोडल्या, आत फिल्मचे वेढे, मग सेल. वीस रुपये. पोरगा मोबाइलवरून देऊ का विचारतो. कुलूपवाल्याचा क्यूआरचा फलक दाखवला जातो.

५:१५. उसाला पाणी देणारे एक दादा. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री, पाळीनं. हा आठवडा रात्रीचा. दारं धरायला मध्यरात्री उसात जायचं, आणि उसात बिबट्या. मिस्त्री ठक् काढतात आणि एक्स-रेला हात घालतात.

"ते राहू द्या. वाजू द्या खुळखुळ. तेवढाच त्याला आवाज जाईल. लाइट नको जायला."

दहा रुपये वाचले ते वेगळंच.

६:३०. गल्ला ३४०. पावती वीस, दोन चहा वीस, दोन्ही वेळचं तिकीट चाळीस, स्प्रिंगा अठ्ठेचाळीस. हातात २१२. पोतं झटकलं, चांदीचा गोळा गटारात न टाकता पेटीत ठेवला. तंबाखूची डबी हलवून पाहिली.

"सातच राहिलेत," मिस्त्री म्हणतात. "तुमच्या घरी देव्हाऱ्यात कुठं चार आणे पडले असतील, तर पुढच्या बाजारी घेऊन या."